त्येला इचारलं का?

मे महिन्याच्या सुट्टीत नणंदेचा मुलगा पुण्याहून आमच्याकडे करकंबला येतो. यंदाही आला. वय वर्षं दहा. पूर्वी आला की विहिरीवर, बांधावर, शेळीच्या करडामागे असा हुंदडायचा. यंदा मात्र काकानं परदेशातून आणलेला हातात धरायचा गेम घेऊन आला आणि ओसरीच्या खांबाला टेकून जो बसला तो बसलाच. आंबा चिरून पुढे ठेवला तरी एक डोळा त्या पडद्यावर.

आमच्या सासूबाई ऐंशीच्या घरात आहेत. त्यांना चैन पडेना. नातू एवढं काय बघतोय म्हणून त्या त्याच्याशेजारी जाऊन बसल्या. मी आत पोळ्या लाटत होते, त्या दोघांचं बोलणं कानावर पडत होतं.

"आजी, हा बघ जंगली पोकेमॉन. आता माझा पोकेमॉन याच्याशी लढणार."

"कशापायी रं? काय केलंय त्यानं?"

"काही नाही केलं. पण याची ताकद कमी केल्याशिवाय तो बॉलमध्ये येत नाही ना! ही हिरवी पट्टी दिसतेय ना, ती लाल झाली पाहिजे. एकदम मारायचं नाही, थोडं थोडं मारायचं. मग बॉल टाकायचा. बॉल तीनदा हलला की झालं. तो आपला."

"आन् मग?"

"मग तो आपला मित्र. मग तो आपल्यासाठी दुसऱ्यांशी लढतो."

थोडा वेळ काहीच आवाज नाही. मग सासूबाईंनी विचारलं, "आरं, पर त्येला इचारलं का?"

पोरगं हसलं. मलाही हसू आलं. हातातलं लाटणं थांबलं ते मात्र हसण्यामुळे नव्हतं.

मैत्रिणींनो, तुमच्यापैकी बऱ्याच जणींच्या घरात हा पोकेमॉन येऊन गेलेला असेल. २००३ पासून आपल्याकडे कार्टून नेटवर्कवर तो हिंदीतून दिसायला लागला. तेव्हा ज्यांची मुलं लहान होती त्यांना तो पिवळा, लाल गालांतून वीज सोडणारा पिकाचू पक्का आठवत असेल. चिप्सच्या पुड्यांमधून त्याची चित्रं यायची आणि आपली पोरं चिप्स टाकून चित्रं जपायची. मूळ खेळ जपानचा, १९९६ सालचा. सुरुवातीला दीडशेच्या आसपास प्राणी होते, आता हजाराच्या वर आहेत. कुणी सरड्यासारखा, कुणी कासवासारखा, कुणी नुसताच गोळा. ते शोधायचे, धरायचे, लाल-पांढऱ्या चेंडूत बंद करायचे, शिकवायचे आणि दुसऱ्याच्या प्राण्यांशी झुंजवायचे.

२०१६ मध्ये तर मोबाईलवर पोकेमॉन गो आला आणि मोठी माणसंसुद्धा फोन पुढे धरून रस्त्यानं फिरायला लागली. त्या वर्षी गुजरात उच्च न्यायालयात त्याच्याविरुद्ध याचिका झाली होती. तक्रार काय, तर या खेळातली अंडी देवळांच्या जागेवर दिसतात! देवळात अंडं म्हणजे भावना दुखावणारच. पण मला गंमत वाटते ती याची, की अंड्यांवर एवढी चर्चा झाली आणि त्या अंड्यातून निघणाऱ्या जिवाला पुढे काय करायला लावतात, याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. तो प्रश्न आमच्या करकंबच्या ओसरीवर निघाला.

म्हणजे तसा तो आधीही निघालेला आहे. प्राण्यांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या पेटा संस्थेनं २०१२ मध्ये या खेळाचं विडंबन करणारा एक खेळच काढला होता. त्यात जखमी, पट्ट्या बांधलेला पिकाचू माणसांच्या विरोधात उभा राहतो. जगभरची पोकेमॉनवाली पोरं त्यावर चिडली. चिडणारच. आपलं आवडतं खेळणं कुणी रक्तानं माखून दाखवलं तर कोण खूश होईल? आणि खरं सांगायचं तर मलाही ते पटलं नाही. पडद्यावरच्या ठिपक्यांना वेदना होत नाहीत. पिकाचूला काही लागत नाही, कारण पिकाचू नाहीच. माझा भाचा त्या खेळातले दोनशे प्राणी धरून बसला, म्हणून जगातलं एक पाखरूही कमी झालेलं नाही.

मग सासूबाईंच्या प्रश्नानं मला का टोचलं? दोन दिवस तेच डोक्यात होतं. धुणं धुताना, दळण निवडताना.

आधी आठवली ती काडेपेटी. माझं माहेर याच भागातलं. पहिला पाऊस पडून गेला की बाभळीवर सोनपाखरं यायची. हिरवीगार, ऊन पडलं की सोन्यासारखी चमकणारी. आम्ही पोरं काट्यांची पर्वा न करता ती धरायचो आणि रिकाम्या काडेपेटीत ठेवायचो. सोबत बाभळीचा कोवळा पाला. नशीब असेल तर पाखरू पेटीत बारीक अंडी घालायचं, आणि ज्याच्या पेटीत अंडी तो वर्गातला राजा. कुणाचं पाखरू मोठं, कुणाचं जास्त चमकतं, यावरून भांडणं. चतुराच्या शेपटीला दोरा बांधून त्याला उडवायचं, आणि त्याला खडा उचलायला लावायचा. तुम्हीही केलं असेल, नाही म्हणू नका.

माझं एक सोनपाखरू मी दप्तरात विसरले. शनिवारी शाळा सुटली ती सोमवारी सकाळीच दप्तर उघडलं. पेटी उघडली तर पाय वर करून पडलेलं. पाला वाळून चुरा झालेला. मी रडले खूप, आणि मग त्याचं हिरवं कवच कंपासपेटीत जपून ठेवलं. पाखरू मेलं म्हणून रडले, आणि तरी कवच माझंच राहिलं. आज विचार करते तर त्या दोन गोष्टी एकाच पोरीनं एकाच दिवशी केल्या, याचंच नवल वाटतं.

आता गंमत ऐका. हा पोकेमॉनचा खेळ ज्यानं काढला त्या सातोशी ताजिरीचं लहानपण अगदी असंच. १९६५ सालचा जन्म, टोकियोच्या कडेच्या माचिदा भागात वाढलेला. तिथे तेव्हा शेतं होती, तळी होती, आणि हा पोरगा दिवसभर किडे धरत फिरायचा. पुढे शेतं गेली, तळी बुजली, इमारती आल्या, किडे गेले. मोठेपणी त्याला वाटलं, आताच्या शहरातल्या पोरांनाही ती किडे शोधण्याची, धरण्याची, मित्राबरोबर अदलाबदल करण्याची मजा मिळावी. दोन खेळयंत्रं वायरनं जोडता येतात हे पाहिल्यावर त्याच्या डोळ्यांपुढे त्या वायरीवरून चालत जाणारे किडे आले म्हणे. म्हणजे तो लाल-पांढरा चेंडू म्हणजे दुसरं तिसरं काही नाही, आपली काडेपेटीच! फक्त तिच्यात पाखरू मरत नाही. त्यानं मुद्दामच तसं ठेवलं. हरलेला प्राणी बेशुद्ध पडतो, मरत नाही. दवाखान्यात नेला की फुकटात बरा होतो. मुलांच्या डोक्यात मरणाबद्दल भलत्या कल्पना बसू नयेत, असं त्याचं म्हणणं होतं.

हेतू चांगलाच. पण काडेपेटीनं मला जे शिकवलं ते या चेंडूतून माझ्या भाच्याला कधीच शिकता येणार नाही, हेही तितकंच खरं. त्याची पेटी सोमवारी उघडली तरी आतलं पाखरू टुणटुणीत. पाल्याची काळजी नको, हवेची नको. वर ते म्हणतं, मी तुझा मित्र आहे.

केंब्रिजच्या काही संशोधकांनी २००२ मध्ये इंग्लंडमधल्या शाळकरी मुलांना चित्रं दाखवून पाहिलं होतं. आठ वर्षांच्या मुलांना पोकेमॉनची चित्रं शंभरात जवळजवळ ऐंशी ओळखता आली. आपल्या भोवतालचे खरे प्राणी, झाडं यांची मात्र निम्म्याच्या आसपासच. मी इथे तोच प्रयोग भाच्यावर केला. पोकेमॉनची नावं त्यानं धडाधड सांगितली, मीच दमले. मग अंगणातल्या पाखरांची विचारली. चिमणी, कावळा, पोपट. साळुंकीला तो 'ब्राऊन कावळा' म्हणाला! सोलापूर जिल्ह्यात माळढोकासाठी नान्नजचं अभयारण्य आहे, हेही त्याला माहीत नव्हतं. पण त्याला हसायचा मला काय अधिकार? माझ्या पुढच्या पिढीला बाभळीखाली कुणी नेलं? मी तर नाही नेलं.

असो. मला बोलायचंय ते त्या 'मित्र आहे' या शब्दाबद्दल.

आधी मारायचं, अर्धमेलं करायचं, कोंडायचं, आणि मग गोष्टीत असं लिहायचं की त्याला ते आवडतं. खेळात हे लिहिणारा आणि तो खेळ विकणारा एकच. प्राण्याच्या तोंडी तोच बोलणार आणि प्राणी खूश आहे हेही तोच ठरवणार. हे खेळापुरतं असतं तर मी हा लेख लिहायला बसलेच नसते. पण हीच गोष्ट आपण खऱ्या जिवांबद्दल किती सहज बोलतो!

माझ्या माहेरी शर्यतीचा बैल होता. भावाचा जीव होता त्याच्यावर. हा शब्द मी उगाच वापरत नाही. स्वतः अर्धपोटी राहील पण बैलाला अंडी, दूध, पेंड. आजारी पडला तर रात्ररात्र गोठ्यात. आणि शर्यतीच्या दिवशी त्याच बैलाच्या पाठीत पराणी. टोकाला खिळा असलेली काठी ती. घरी आला की भाऊ त्या जागेवर हळद-तेल लावायचा. मी एकदा विचारलं, "दादा, त्याला लागत नाही का?" तर म्हणाला, "त्याला पळायला आवडतं गं. गाडीला जुंपायला घेतला की कसा फुरफुरतो बघ." मी बघितलं. खरंच फुरफुरत होता. तो आनंदानं की भीतीनं, हे मला तेव्हाही कळलं नाही आणि आजही सांगता येणार नाही.

यावर मोठमोठ्या माणसांनी डोकं लावलेलं आहे. ७ मे २०१४ ला सर्वोच्च न्यायालयानं तामिळनाडूतला जल्लीकट्टू आणि आपल्याकडच्या बैलगाडा शर्यती बंद केल्या. बैल हा स्वभावानं आणि बांध्यानं शर्यतीत पळण्यासाठी नाही, तो ओढकामाचा प्राणी आहे, असं त्यात म्हटलं होतं. २०१७ मध्ये आपल्या राज्यानं कायद्यात बदल केला. डिसेंबर २०२१ मध्ये शर्यतींना अटींवर परवानगी मिळाली, आणि १८ मे २०२३ ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं ते कायदे कायम ठेवले. आता काठी, पराणी, विजेचा झटका यांना मनाई आहे. नियम पाळले जातात का, ते तुमच्या गावच्या मैदानावर तुम्हीच बघा. मला एवढंच दिसतं की नऊ वर्षं कोर्टात वकील बोलले, मालक बोलले, प्राणीमित्र बोलले, सरकार बोललं. बैल कुठे बोलणार?

नागाचंही तसंच. नाग पुंगीवर डोलतो, त्याला पुंगी आवडते, असं आपण लहानपणापासून ऐकत आलो. नागाला आपल्यासारखा बाहेरचा कानच नसतो. तो पुंगीच्या हलण्याकडे बघून फणा काढून सावध उभा राहतो, पुंगी जिकडे तिकडे त्याचं तोंड. भ्यालेला असतो तो. आणि आपण हात जोडून म्हणतो, बघा कसा रंगलाय! सांगली जिल्ह्यातल्या बत्तीस शिराळ्याला नागपंचमीच्या आधी जिवंत नाग धरून मडक्यात ठेवायची पद्धत होती. बायका त्यांना भाऊ मानून पुजायच्या आणि मग ते परत रानात सोडले जायचे. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं आणि न्यायालयाच्या आदेशांनी ते बंद झालं. २०२५ मध्ये केंद्रानं शिक्षणाच्या कारणासाठी मोजके नाग धरायला तिथे परवानगी दिली. त्या गावच्या बायकांची श्रद्धा खोटी होती असं मी म्हणणार नाही. भाऊ मानणं खरंच असेल. पण भावाला मडक्यात घालून तोंडाला फडकं बांधतात का?

माझ्या दादाचं प्रेम खरं होतं आणि पराणीही खरी होती. हे दोन्ही एकत्र राहू शकतं, हे कळायला मला चाळिशी उलटावी लागली. प्रेम आहे म्हणजे समोरच्याची संमती आहे, असा अर्थ आपण परस्पर काढून टाकतो.

आता जरा नाजूक बोलते. बैल औताला 'रुळला' म्हणतात, आणि सून सासरी 'रुळली' म्हणतात. शब्द एकच. लग्नाला वर्ष झालं की माहेरी विचारतात, कशी आहे पोरगी? आणि सासरचं कुणीतरी उत्तर देतं, मजेत आहे हो, छान रुळली, तिला आवडतं इथं. पोरगी त्या वेळी आत चहा टाकत असते. बाई आणि बैल यांची तुलना मी करत नाही, बाईला वाचा आहे, आता कायदाही आहे. पण वाचा असूनही जिच्या वतीनं दुसरेच 'तिला आवडतं' असं सांगून मोकळे होतात, अशी बाई आपल्यातल्या प्रत्येकीनं पाहिली आहे. काही जणींनी आरशातच पाहिली असेल.

म्हणून त्या रात्री जेवणं झाल्यावर मी सासूबाईंना विचारलं. त्या सुपारी कातरत होत्या.

"आत्या, तुमचं लगीन झालं तेव्हा तुम्हाला विचारलं होतं का हो कुणी?"

"मला?" त्या हसल्या. "तेराव्या वर्षी कोण इचारतंय? बैलगाडीत झोपले हुते. जाग आली तवा हितं."

एवढंच बोलल्या आणि सुपारी पुढे केली. मग मला कळलं की सबंध घरात, टीव्हीवर, पेपरात, एवढ्या शिकल्या-सवरल्या माणसांत, पोकेमॉनबद्दलचा तो प्रश्न नेमका त्यांनाच का सुचला.

आता या खेळाच्या बाजूनंही बोललं पाहिजे. भाच्यानं माझ्यावर चिडून चिडून त्याची बाजू मांडली आणि त्यातलं बरंचसं मला पटलं. तो म्हणाला, मामी, तू पहिला भाग बघ. बघितला, हिंदीतून. त्यात ॲश नावाच्या पोराला पिकाचू मिळतो. पण पिकाचू चेंडूत जायला साफ नकार देतो. आणि ॲश जबरदस्ती करत नाही! सुरुवातीला ओढून नेतो खरा, दोरी बांधून; पण शेवटी ते दोघं बरोबरीनं चालायला लागतात. इतक्या वर्षांत पिकाचू ॲशच्या खांद्यावरच बसला, चेंडूत नाही. म्हणजे सगळ्या जगानं ज्याच्यावर जीव टाकला तो एकच पोकेमॉन असा, ज्यानं 'नाही' म्हटलं आणि ज्याचं ऐकलं गेलं. मग बाकीच्या हजारांचं काय, असं मी विचारलं, तर भाचा गप्प झाला.

दुसरा एक भाग त्यानं दाखवला, तो बघताना मात्र माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ॲशनं अळीपासून वाढवलेलं फुलपाखरू असतं. त्याला एक गुलाबी जोडीदारीण भेटते, आणि ॲश त्याला जाऊ देतो. समुद्रावरून थवा निघतो आणि तो पोरगा हात हलवत मागे पळत राहतो. अगदी पाठवणीसारखं! लेकीची पाठवणी केलेल्या बाईनं तो भाग एकटीनं बघू नये. खेळ एवढं शिकवत असेल तर माझी काही तक्रार नाही.

आणि आपल्याला वाटतो तसा हा प्रश्न त्या जपानी लोकांना सुचलाच नाही असंही नाही. २०१० च्या ब्लॅक आणि व्हाईट या खेळांत त्यांनी एन नावाचा एक तरुण आणला. त्याला पोकेमॉनची भाषा कळते, आणि त्याचं म्हणणं, माणसांनी यांना बंदिवासातून सोडलं पाहिजे. अगदी सासूबाईंचा पक्ष! पण पुढे काय होतं? एनच्या मागचा मोठा माणूस लबाड निघतो. इतरांचे प्राणी सोडवून घेऊन आपण एकट्यानंच राज्य करायचं, असा त्याचा डाव असतो. आणि एनला प्राण्यांच्या तोंडूनच ऐकायला मिळतं की त्यांना आपल्या मालकाबरोबर राहायला आवडतं. प्रश्न विचारला हे खरं, त्याबद्दल मान. पण उत्तर पुन्हा तेच, आणि प्रश्न विचारणारा एक तर भोळा, नाहीतर लबाड. ही युक्ती आपल्याला नवी नाही. गावात एखादीनं वेगळा प्रश्न विचारला की हिच्यामागे कुणीतरी आहे, असं म्हणतातच की.

भाच्याच्या थोरल्या भावाकडे आणखी एक खेळ आहे, पालवर्ल्ड नावाचा, जानेवारी २०२४ मध्ये आलेला. त्यातही असेच गोजिरवाणे प्राणी धरायचे. पण तिथे त्यांना कारखान्यात राबवता येतं, त्यांच्या हाती बंदूक देता येते आणि कापून खाताही येतं. मला पाच मिनिटांच्या वर बघवलं नाही. पण एक कबूल करते, त्यात निदान दोस्तीचं नाटक कमी आहे. आमच्या रस्त्यानं गाळपाच्या हंगामात उसाच्या बैलगाड्या जातात. जू मानेवर, वर ढीगभर ऊस, चढाला बैलाचे पाय डांबरावर घसरतात, तोंडाला फेस. गाडीवर बसलेली ऊसतोड बाईही तशीच दमलेली, मांडीवर लेकरू. तिथे कुणी म्हणत नाही की बैलाला आवडतं. पोटासाठी चाललंय, हे दोघांच्या तोंडावर लिहिलेलं असतं.

तर मग काय, गेम काढून घ्यायचा? माझ्या मते नाही. काढून घेतला तर पोरगं बाथरूममध्ये लपून खेळेल, आणि आपल्याला वाटेल आपण मोठं काम केलं. त्यापेक्षा आमच्या सासूबाईंनी केलं ते करावं. शेजारी जाऊन बसावं. आपल्याला तो खेळ कळत नाही म्हणून लांब राहतो आपण, आणि मग एक दिवस एकदम ओरडतो. नका ओरडू. त्याला सांगू द्या, हा कोण, तो कोण. आणि मध्येच सहज विचारावं, याला हे हवं होतं का? तुला कसं कळलं? पोरं विचार करतात हो, आपण विचारत नाही. आणि जमलं तर संध्याकाळी त्याच पोराला घेऊन बांधावर जावं, खऱ्या पाखरांची नावं सांगावी. आपल्याला येत नसतील तर घरातल्या म्हाताऱ्या माणसाला सोबत न्यावं. त्यांना येतात.

पोळ्याच्या आदल्या दिवशी आपल्याकडे खांदेमळणी असते. बैलाच्या खांद्याला हळद-तूप चोळून त्याला उद्याच्या जेवणाचं आवतण देतात. वर्षातून एकदा का होईना, बैलाशी बोलायची, त्याला 'या' म्हणायची रीत आपल्याच आजी-आजोबांनी घालून ठेवली आहे. जू ठेवायच्या दिवशी मात्र आवतण नसतं, हेही खरंच.

सुट्टी संपायच्या आठवड्यात वळवाचा पाऊस झाला. रात्री दिव्यावर किड्यांची ही गर्दी! भाच्यानं त्यातला एक मोठा काळा भुंगा धरला आणि काडेपेटी मागितली. मी दिली. वाटलं, बघू या. सासूबाई म्हणाल्या, "पेटी अर्धी उघडी ठिव. ऱ्हायचा आसंल तर ऱ्हाईल." त्यानं बरीच कुरकुर केली, पण ठेवली. सकाळी उठून आधी तिकडे पळाला. पेटी रिकामी. "गेला," म्हणाला, आणि दिवसभर फुगून बसला. त्याच्या गेममध्ये असं होत नाही, हे त्यानं मला तीन वेळा ऐकवलं.

दुपारी तो परत खांबाला टेकून बसला. थोड्या वेळानं आजीला हाक मारली. "आजी, यातही सोडून द्यायचं बटण असतं. हे बघ, मी चार सोडले."

"कुठले?"

"असेच. कमी ताकदीचे. तसे कामाचे नव्हतेच."

"आन् ती पिवळी?"

"तो पिकाचू आहे आजी, पिवळी काय! त्याला नाही सोडणार."

"नगं सोडू," सासूबाई म्हणाल्या. "पर इचार."

त्यानं मान खाली घातली आणि पडद्याकडे बघत बसला. विचारलं की नाही ते कळलं नाही. मला दळण आणायला जायचं होतं, लाईट जायच्या आत.